गिरणीच्या दगडावरचा पाऊस

भाईंदरला समुद्र आहे असं ऐकून होते. तिथे राहून आले, पण समुद्र पाहिला नाही. मी गच्च्या पाहिल्या. वाडीतल्या बायका विचारतात, इतक्या लांब गेलीस आणि काय बघून आलीस? तर ते सांगते. ज्यांना समुद्रच हवा आहे त्यांनी पान उलटावं.

मी चौथीपर्यंत शिकले. माझा नवरा ग्रामपंचायतीत शिपाई होता. पंचायतीच्या आवारात पर्जन्यमापक होता, म्हणजे पाऊस मोजायचं भांडं. ते सकाळी साडेआठला बघायचं काम नवऱ्याकडे होतं. तो गेल्यावर माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी वेळेवर उठत नव्हतं. मग खांबावरचं नवं यंत्र आलं. ते आपलं आपण मोजतं, कोणाला विचारत नाही. जुनं भांडं अडगळीत गेलं. मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. सकाळ मोकळी झाली आणि मोकळ्या सकाळचं काय करतात ते मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

माझी धाकटी बहीण शालन भाईंदर पूर्वेला नवघरात पिठाची गिरणी चालवते. नवरा गेल्यापासून एकटीच. तिथला रस्ता दर दुरुस्तीला वर चढतो आणि गिरणी आहे तिथेच राहते, त्यामुळे आता रस्त्यावरून गिरणीत उतरावं लागतं. पावसाळ्यात पाणीही तसंच उतरतं. मोटर जमिनीला. तिच्यात पाणी गेलं की जळलीच. ती वर टांगायची सोय आहे, छताच्या लोखंडी गर्डरला साखळीची कप्पी लावलेली आहे. पण टांगायची म्हणजे दळण बंद करा, पट्टा उतरवा, बोल्ट सोडा, साखळी ओढा. गेल्या पावसाळ्यात शालननं ढग दिसला की मोटर वर, असं चालवलं. गिऱ्हाइकं डबे घेऊन दारात आणि मोटर हवेत. लोक वैतागून शांती नगरच्या गिरणीत जायला लागले. मग एक दिवस तिनं ठरवलं, आज नाही उचलत, रोज काय तमाशा. त्याच दिवशी पाणी आलं.

या आषाढात तिचा फोन आला. "आक्का, दुसरी मोटर बसवली आहे. ही पण गेली तर मी गिरणीला कुलूप लावणार आणि बडोद्याला मुलीच्या घरी जाऊन बसणार. जावयाच्या घरात टीव्ही बघत मरेन."

"टीव्हीवर सांगतात की पाऊस किती पडला ते. ते बघून उचलायची."

"तो कुलाब्याला पडलेला असतो नाहीतर सांताक्रूझला. माझ्या दारात किती पडला ते कोण सांगणार?"

"मी सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मला हसू यायला लागलं. लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं. सरपंचाकडे गेले, म्हटलं जुनं भांडं दे. तो म्हणाला, "ने आजी, तेवढीच अडगळ कमी." लावणी उरकलेली होती, उघडीप पडली होती. निघाले.

काशीमीरा

भांड्याचं बूड आणि वरचं नरसाळं गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेतलं. आतली बाटली पिशवीत. काचेचं माप मात्र लुगड्याच्या घडीत, कारण नरसाळं आणि माप जोडीचं असतं. दुसऱ्या भांड्याचं माप लावलं तर आकडा खोटा येतो. कंडक्टर म्हणाला, "आजी, मांडीवर कोण, नातू?" मी म्हटलं, "नातू असता तर तिकीट मागितलं असतंस." गाडीतले सगळे हसले आणि त्यानं मला पुढची खिडकी दिली.

पहाटे काशीमीऱ्याला उतरले. आमच्या गावात एक ट्रक आला तर पोरं मागे धावतात. इथे ट्रक संपतच नाहीत. मला न्यायला शालननं बबनला पाठवलं होतं. बबन म्हणजे तिच्या गिरणीवर काम करणारा माणूस, पोलादपूरकडचा, पन्नाशीचा, सदा भुवया पांढऱ्या. तो हायवेच्या त्या बाजूला उभा आणि मी या बाजूला. मध्ये ट्रकची रांग. तो ओरडला, "आक्का, हलू नका!" मी ओरडले, "हलते कुठे!" मधून एक ट्रक गेला, तो दिसेनासा झाला. पुन्हा दिसला तर तोच हात वर. असं बराच वेळ आम्ही एकमेकांना दर्शन देत राहिलो. शेवटी तो पुलाखालून फिरून आला.

समोरच्या हॉटेलात वडा-उसळ खाल्ली. उसळ चांगली होती पण गोडी नव्हती, खोबरं घालायला विसरले असावेत. पोऱ्यानं विचारलं, "पानी सादा या बोतल?" मी मराठीतच म्हटलं, "पाणी म्हणजे पाणी." त्यानं ग्लास आणला. मग रिक्षानं नवघर.

जागा

नवघर पूर्वी गाव होतं, हे अजून दिसतं. चार उंच इमारती, मध्येच एक कौलारू घर, त्याच्या दारात तुळस, आणि तुळशीला टेकून मोटरसायकल. शालनची गिरणी अशाच एका जुन्या घरात, वर पत्रा. मी पोचले तेव्हा ती गव्हात हात घालून उभी होती. पाया वगैरे पडली नाही, अंगभर पीठ होतं. म्हणाली, "तू वाळलीस." मी म्हटलं, "तू पांढरी झालीस."

चहा घेतला आणि लगेच जागा बघायला लागले. मला धीर नव्हता. पाऊस मोजायच्या भांड्याचं सगळं जागेवर असतं. भांडं कसलंही असो, जागा चुकली की माप चुकलं.

शालननं आधीच ठरवून ठेवलं होतं. "मागे शेवग्याखाली ठेवू. सावली आहे."

"त्याला सावली कशाला? ते काय म्हातारं आहे? झाडाखाली पाऊस कमी पडतो, आणि थांबल्यावर झाड ठिबकत राहतं."

"मग पत्र्यावर."

"पत्र्यावरचा थेंब उडून आत जाईल. पडला एक, मोजले दोन."

"मग तुळशीशेजारी. मोकळं आहे."

मोकळं होतं, पण बाजूला चार मजली इमारत होती. मी शालनला नियम सांगितला, जसा मला दटावून शिकवला होता तसाच. शेजारी जेवढं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट लांब जायचं. नाहीतर वाऱ्यानं तिरका आलेला पाऊस ती भिंत खाते आणि भांडं उपाशी राहतं. शालननं इमारतीकडे मान वर करून पाहिलं, मग गल्लीकडे. "चार मजल्याच्या दुप्पट म्हणजे आक्का, तू त्या पलीकडच्या बिल्डिंगच्या किचनमध्ये जाशील."

खरंच होतं. नवघरात जमिनीवर अशी जागाच नाही. एकीपासून लांब जावं तर दुसरीच्या कुशीत. आमच्या गावात उलटं. जागाच जागा, आणि ती कशाला लागते ते कोणाला माहीत नाही.

मग मी ज्या इमारतीला शिव्या देत होते तिच्याकडेच पाहिलं. म्हटलं, "चल वर."

गच्ची

चार मजले, लिफ्ट आहे, पण त्या दिवशी तिचं काय बिनसलं होतं देव जाणे. गुडघे बोलत होते, मी ऐकत नव्हते. गच्चीचं दार उघडलं आणि मी मोठ्यानं "अगं आई!" म्हटलं. केवढी गच्ची! आमची शाळा मावेल. भोवती कमरेएवढा कठडा, एका टोकाला पाण्याची टाकी, जिन्याची खोली, आणि बाकी नुसतं आकाश. एकीकडे खाडीचा पट्टा चकाकत होता. शालन म्हणाली, "ती बघ खाडी." मी म्हटलं, "असू दे. टाकी किती उंच आहे?"

कपडे वाळत घालायची एक दोरी सोडवून घेतली. टाकीची उंची दोरीनं मोजली, तिची दुप्पट केली, आणि टाकीपासून लांब चालत गेले. मग जिन्याच्या खोलीपासून तसंच. मग कठड्यापासून. अगदी कडेला ठेवायचं नाही, तिथे वारा कठड्यावरून उसळतो आणि थेंब भांड्यावरून उडून जातात. सगळ्या दोऱ्या जुळल्या ती जागा गच्चीच्या साधारण मधोमध आली. तिथे पापड वाळत होते.

"ए बेन! पापड पर पाँव मत देना!"

या हंसाबेन. चौथ्या मजल्यावर राहतात, माझ्याच वयाच्या, पांढरी साडी, आवाज घंटेसारखा. मी त्यांना हिंदीत सांगायला गेले. माझं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जोरात. "यहाँ मेरेको भांडा बसवायचा है. पाऊस मोजने का."

"पाऊस मोजके क्या करेगी? जितना भगवान ने दिया उतना ठीक."

शालननं मोटरीचं सांगितलं. मोटरीचं म्हटल्यावर त्यांनी वाद सोडला, कारण त्यांचा बाजरीचा डबा शालनकडेच येतो. पापड सरकवले. वर एक अट घातली. गच्चीवर मासळी वाळवायची नाही. मी म्हटलं मी बोंबील मोजायला आलेले नाही. तिथली ही रीत मला नवीन. आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणभर जवळा पसरलेला असतो, वासावरून घर सापडतं. इथे एका जिन्यात एकाकडे मच्छी तळतात आणि समोरचा कांदाही खात नाही, आणि दोघं एकाच दोरीवर कपडे घालतात.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. सभ्य माणूस, पण गच्चीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडतो. "मावशी, ठेवा. पण भोक पाडायचं नाही. खिळा नाही, बोल्ट नाही. गच्ची गळली तर मला लोक खातील."

आता आली का पंचाईत. भांडं नुसतं ठेवून चालत नाही. वाऱ्यानं हलतं, कलंडतं. बूड जमिनीत घट्ट बसवावं लागतं आणि नरसाळ्याची कड तळहातावरच्या पाण्यासारखी सपाट हवी. बिनभोकाचं घट्ट कसं बसवायचं?

गिरणीसमोर परत येऊन बसले. विचार करत होते. आणि मग कळलं की मी ज्याच्यावर बसले आहे तेच.

दगड

शालनच्या दारात गिरणीचा जुना दगड पडलेला आहे. काळा, गोल, झिजून निकामी झालेला. गिऱ्हाइकं दळण होईपर्यंत त्याच्यावर बसतात. गोल, जड, आणि मधोमध भोक. मी उठून त्याच्याभोवती फिरले. बबनला वाटलं, प्रदक्षिणा घालते आहे.

"शालन, हा दगड वर न्यायचा. भांड्याचं बूड या भोकात."

"तो दगड नको." तिचा आवाज बदलला. "ह्यांनी आणलेला पहिला दगड आहे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहते मी. लक्ष्मी आहे ती."

"लक्ष्मीवर सगळं नवघर येऊन बसतं, ते चालतं वाटतं?"

ती रागावून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "वर गेल्यावर त्याच्यावर कोण बसणार नाही ना?"

"कावळासुद्धा बसू देणार नाही," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं. पक्ष्यांचं पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी टाकीवाला आला. टाकीवाला म्हणजे गिरणीच्या दगडाला छिन्नीनं टाके घालणारा, दगड गुळगुळीत झाला की धान्य भरडत नाही म्हणून. त्यानं आयुष्यभर दगड खरबरीत केले असतील, भोक मोठं करायला कोणी सांगितलं नव्हतं. मी भांड्याचं बूड दगडावर उलटं ठेवून कोळशानं वर्तुळ काढून दिलं. "दोरा इकडे नाही, दोरा तिकडे नाही," मी सांगितलं. तो म्हणाला, "आजी, तुम्ही बाजूला बसा, मग होतं." बसले नाही. तरी झालं.

मग भोकातून बांबू घातला, एका टोकाला बबन, दुसऱ्या टोकाला टाकीवाला. लिफ्टला तो बोजा द्यायला सेक्रेटरी तयार नव्हते. जिन्यानं निघाले. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. कोणी विचारलं, "गणपती एवढ्या लवकर?" एकानं खरंच नमस्कार केला. तिसऱ्या मजल्यावर बबननं दगड टेकवला आणि म्हणाला, "आक्का, पाऊस खालीच मोजला असता तर काय बिघडलं असतं? वरचाच खाली येतो." मी मागून चढत होते, मला दम नव्हता, नाहीतर चांगलं उत्तर दिलं असतं.

वर जागेवर सिमेंटचा ओला थर घालून दगड ठेवला. बबननं गवंड्याची पाणसळ मागून आणली होती. ती काचेतला बुडबुडा दाखवणारी पट्टी. ती नरसाळ्याच्या कडेवर ठेवली. बुडबुडा खाडीकडे पळाला. गच्चीला उतार असतोच, पाणी वाहून जायला. दगडाखाली फरशीचा कपचा सारला. बुडबुडा टाकीकडे. कपचा काढला, पातळ लावला. मग पट्टी आडवी धरून पुन्हा तेच. एकीकडून सपाट म्हणजे सगळीकडून सपाट नाही, हे लक्षात ठेवायचं. तिरकं भांडं एका बाजूचा पाऊस जास्त घेतं आणि दुसऱ्या बाजूचा सोडतं. हंसाबेन खुर्ची घेऊन बघत होत्या. "इतना तो मैंने लड़की का रिश्ता भी नहीं देखा था," त्या म्हणाल्या.

शेवटी बुडबुडा मधोमध येऊन थांबला, दोन्हीकडून. मी टाळी वाजवली. माझ्या वयाला शोभत नाही, पण वाजवली. नरसाळ्यावरून जाणाऱ्या दोऱ्या सगळ्या काढायला लावल्या, कारण ओले कपडेही पाऊस पाडतात. हंसाबेननी आम्हा सगळ्यांना थेपले आणि छुंदा दिला. आंब्याचं लोणचं गोड करायची त्यांची रीत मला पटत नाही, पण मी दोनदा घेतलं.

घाम

दुसऱ्या सकाळी साडेआठला वर गेले. उघडीप होती, कडक ऊन, आभाळ कोरडं ठाक. नरसाळं काढलं आणि बाटलीत पाणी! चांगलं भरपूर.

शालन म्हणाली, "आक्का, तुझ्या भांड्याला घाम सुटला का?"

टाकी गळते का पाहिली. नव्हती गळत. पोरांचा खोडसाळपणा असेल म्हणून पाणी ओतून टाकलं आणि खाली आले. बबनला मात्र नीट शिकवून ठेवलं, कारण माझे गुडघे दिवसातून चारदा चढणार नव्हते. "नरसाळं काढायचं, बाटली काढायची, बाटलीतलं पाणी या काचेत ओतायचं, आकडा सांगायचा. दुसरं काही करायचं नाही." तो म्हणाला, "दुसरं काय करनार न्हाय."

त्याच दुपारी खाडीकडून काळं आभाळ आलं आणि उघडीप संपली. कोसळायलाच लागलं. गिरणी चालू होती, गिऱ्हाइकांची रांग होती, शालनचे डोळे सारखे उंबऱ्याकडे. मला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या. माझं भांडं पहिल्यांदा कामाला लागलं होतं! बबनला वर पिटाळलं.

तो भिजून खाली आला. "काय न्हाय, आक्का. बाटलीत थेंबभर हाय."

"थेंबभर?"

"काचेत ओतलं, तर एका रेघेपर्यंत पन आलं न्हाय."

मी बाहेर पाहिलं. जोर दिसत होता. पण जोर दिसतो आणि पाऊस होतो यात फरक असतो, हे मी जन्मभर लोकांना सांगत आले आहे. डोळा फसतो, भांडं फसत नाही. "चालू ठेव दळण," मी शालनला सांगितलं. "काही पडलेलं नाही."

परत पाठवला, परत तेच. गल्लीत पाणी वाहायला लागलं होतं. शालन मोटरीजवळ जाऊन उभी राहिली. "आक्का, उचलते."

"कशाला? मी स्वतः बसवलंय ते. बुडबुडा पाहिलास ना?"

"बुडबुडा गेला खड्ड्यात! हे बघ!" तिनं गटाराच्या जाळीकडे बोट दाखवलं. जाळीतून झुरळं वर येत होती, एकामागून एक, भिंतीला लागून. "ही खालून पळून येतात म्हणजे गटार भरलं. भरतीची वेळ आहे, खाडी पाणी घेत नाही. तुझं भांडं काय म्हणतं ते त्याला म्हणू दे." आणि तिनं गिरणीचं बटण बंद केलं.

गिऱ्हाइकं ओरडली. "फिर चालू हो गया इनका!" एक बाई अर्धं दळण घेऊन निघून गेली. बबननं पट्टा उतरवला, बोल्ट सोडले. साखळी शालननं ओढली, मी ओढली, रांगेतल्या एका माणसानं ओढली. मोटर हातभर वर आली आणि उंबऱ्यावरून पाणी आत उतरलं.

छत्री घेतली आणि चार मजले चढले. मध्ये बसले नाही.

नरसाळं काठोकाठ भरलेलं होतं आणि वरून वाहत होतं. बोट घातलं तर तळाचं भोक बुजलेलं. कडक पुट्टी, छान गुळगुळीत केलेली. बबन मागून आला. मी विचारलं, "नरसाळ्यात पाणी होतं का रे?"

"होतं की. दोन्ही येळा भरलेलं होतं."

"मग त्याचं काय केलंस?"

"फेकलं. तुमी बोललात, बाटलीतलं मोजायचं, दुसरं काय करायचं न्हाय."

आता त्याला काय बोलणार? बरोबरच होतं त्याचं. चुकलं माझं. मी पोपटाला शिकवावं तसं शिकवलं आणि स्वतः खाली बसून ऐटीत आकडे ऐकत राहिले.

तेवढ्यात हंसाबेन दारात आल्या, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. "वो मैंने किया," त्या अगदी आनंदानं म्हणाल्या. "कल शाम को चिड़िया के लिए पानी डाला, सुबह देखा तो सब खाली. कटोरी में होल है! तो दोपहर को पुट्टी लगा दी. अभी बराबर है ना?"

त्यांना वाटलं, मोठ्या दगडावर पांढरी वाटी बसवली म्हणजे पक्ष्यांची पाणपोईच. पाऊस मोजायचं सांगितलं होतं, पण ते म्हाताऱ्या बाईचं वेड, आणि मोकळ्या वेळात वाटी पक्ष्यांच्या उपयोगी का पडू नये? एवढा खटाटोप माणूस पुण्यासाठीच करतो, असं त्या धरून चालल्या होत्या. मला राग यायला हवा होता. पण पावसात ती बाई माझ्या दगडाला शाबासकीसारखं थोपटत उभी होती. मी हसायला लागले, मग बबन, मग त्यांनाही हसू आलं, का ते न कळता. मी बाटली काढून दाखवली, पाणी कुठून कुठे जातं ते दाखवलं. त्यांनी तोंडावर हात नेला. "हाय राम. चक्की में पानी गया?"

"गेलं. मोटर वाचली. झुरळांनी वाचवली."

आकडा

पुट्टी टाकीवाल्याकडून बारीक छिन्नीनं काढून घेतली, भोकाची कड न दुखावता. पक्ष्यांसाठी हंसाबेननी मातीची परात आणली आणि ती भांड्यापासून किती लांब ठेवायची ते स्वतः दोरीनं मोजलं. पक्षी कडेवर बसू नयेत म्हणून दगडाकडे लक्ष ठेवायचं कामही त्यांनीच घेतलं.

शालन मात्र भांड्याचं नाव काढू देईना. "गेलं ते. मला झुरळं पुरे आहेत."

"झुरळं आली तेव्हा मोटर हातभर वर जायला वेळ मिळाला. आणखी थोडी आळशी झुरळं असती तर?"

पण दोन दिवसांनी पुन्हा झोडपायला लागलं तेव्हा तिनंच बबनला हाक मारली, "जा रे वर." या वेळी मी सगळं सांगितलं होतं, नरसाळं बघायचं, भोक बघायचं, मग बाटली. हंसाबेन गच्चीच्या कठड्यावरून ओरडायच्या, "अभी खाली है कटोरी, बराबर जा रहा है!" आम्ही खाली आकडे धरत होतो आणि शालन दारात उभी राहून गटार बघत होती. तिला भरती-ओहोटी तोंडपाठ आहे, मला ते काही कळत नव्हतं. वीस मिलिमीटर. पस्तीस. पन्नासला गटार भरलं. सत्तरला पाणी उंबऱ्याला लागलं. मोटर तोवर वर होती, गडबड न करता, गिऱ्हाइकांना आधी सांगून.

मी शालनकडे पाहिलं. ती उंबऱ्यावरचं पाणी बघत हळूच म्हणाली, "सत्तर."

"भरतीला सत्तर," मी म्हटलं. "ओहोटीचा तू शोध. आणि उचलायची सत्तरला नाही, पन्नासला."

"तेवढी अक्कल आहे मला."

निघायच्या दिवशी ती मला काशीमीऱ्यापर्यंत सोडायला आली. बाजरीचं पीठ दिलं, हंसाबेननी छुंद्याची बाटली दिली. शालन म्हणाली, "समुद्र राहिला बघायचा." मी म्हटलं, "तो कुठे जातोय."

आता सकाळी साडेआठ वाजून गेले की फोन वाजतो. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. "बारा." "तीन." "कोरडं." मी "बरं" म्हणते आणि ठेवते. भादव्यात एका दिवशी फोनच आला नाही. दुपारी टीव्हीवर दाखवलं, तिकडे रस्ते पाण्याखाली. मी फोन लावला, लागला नाही. रात्री पण नाही. बडोद्याचं मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी दहाला तिनं उचलला. मी ओरडले, "काय झालं? मोटर?"

ती काहीतरी सांगत होती. पन्नास ऐकू आलं, हंसाबेन ऐकू आलं, शांती नगरची माणसं इकडे डबे घेऊन आली आहेत असं काहीतरी ऐकू आलं. बाकी एक शब्द लागेना. मागे गिरणी चालू होती.